कन्नड ‘ऴ’ला ‘फ’ म्हणणं आपण चालवून घ्यायचं का?

शिलालेखवेडा: युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक आणि नाव देणारं मानक. त्यावरून काल इथे एकाने लिहिलं, “युनिकोडमधली अक्षरांची नावं कोणी वाचत नाही, कन्नडवाले उगाच रडतात.” हे वाचून गप्प बसवेना. हळेगन्नडातला, म्हणजे जुन्या कन्नडातला ऴ (ळ च्या जवळचं, पण वेगळं अक्षर) मध्ययुगात मागे पडला, ‘एऴु’चा ‘एळु’ झाला. तेराव्या शतकात कन्नड व्याकरणकार केशिराजाला हा ऴ कुठल्या शब्दांत येतो ते नियमाने सांगावं लागलं. अशा अक्षराचं युनिकोडमधलं अधिकृत नाव काय, तर ‘कन्नड लेटर एफए’! फ चा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. चूक युनिकोडवाल्यांना मान्य आहे, ‘एलएलएलए’ हे दुरुस्तीचं टोपणनावही दिलंय, पण मूळ नाव तसंच ठेवलंय.

कोडकर: ठेवणारच. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा नियम आहे, कारण प्रोग्राम त्या नावांवर चालतात. लाओ लिपीतल्या अक्षरांची नावं चुकली, एका चिन्हाच्या नावात ‘ब्रॅकेट’चं स्पेलिंग चुकलं, तीही तशीच आहेत. फाँटमध्ये ऴ बरोबर दिसतो ना? मग विषय संपला.

शिलालेखवेडा: संपला नाही. देवनागरी अक्षराच्या कोडात, म्हणजे क्रमांकात, ८९६ मिळवले की बहुतेक वेळा समोरचं कन्नड अक्षर मिळतं. देवनागरी ऴ ०९३४ वर (हे कोड सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात, त्यात ८९६ म्हणजे ३८०), म्हणजे कन्नड ऴ ०सीबी४ वर हवा. ती जागा रिकामी! आणि अक्षर बसलंय ०सीडीई वर, जिथे देवनागरीत फ़ आहे. सरळ बेरीज-वजाबाकी करणारा परिवर्तक, म्हणजे एका लिपीतून दुसरीत नेणारा प्रोग्राम, ‘एऴु’ला ‘एफ़ु’ करतो. माझ्या वाचनाच्या टिपणांत हे झालंय. तेलुगूला २०१४ मध्ये हेच अक्षर मिळालं, ते नीट ळ च्या शेजारी.

कोडकर: तो परिवर्तक लिहिणाऱ्याचा आळस. अपवादाची एक ओळ टाकली की काम होतं.

बेळगावची सुमा: ती ओळ टाकायला आधी कुणाला तरी बोंबलावं लागतं ना!

कऱ्हाडकर: मराठी मंडळींनी कन्नडची काळजी कशाला करायची? आपला ऱ आधी बघा. ‘कुऱ्हाडे’ आडनाव एकीकडे ऱ च्या कोडने टंकलेलं, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) लावून. डोळ्यांना दोन्ही सारखी. आमच्या आजोबांचा दाखला एका कार्यालयात संगणकावर सापडेना. कारकून म्हणे, नोंदच नाही! वडिलांना तीन महिने खेटे घालावे लागले.

टंकमित्र: अगदी! ‘दऱ्या’ शोधलं तर निम्मेच लेख येतात. आणि काही कळफलकांवर ऱ सापडतच नाही, मग लोक ‘दर्या’ लिहून मोकळे होतात. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र!

कोडकर: यात युनिकोडचा दोष नाही. शोधाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन्ही रूपं एक धरावीत.

कऱ्हाडकर: दोष कधीच कुणाचा नसतो तुमच्या लेखी! तीन महिने तुम्ही गेला होतात का कार्यालयात?

कोडकर: आवाज चढवून कोड सुधारत नाही, साहेब.

बेळगावची सुमा: कऱ्हाडकर, दाखल्याचं दुःख समजतं, पण ‘कन्नडची काळजी कशाला’ हे मागे घ्या. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मूर्ती करवून घेणाऱ्या चावुंडराजाची मराठी ओळ कोरलेली आहे, तिथेच कन्नड आणि तमिळही. माझी आजी घरी मराठी बोलायची, हिशोब कन्नडात लिहायची. शिवाय कन्नड लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांना अनुनासिकाचं चिन्ह २०२२ मध्ये मिळालं. तेही मागितल्यावरच.

कऱ्हाडकर: बरं, ते वाक्य मागे. ऱ चं मात्र नाही.

कोडकर: नाव बदलण्याला माझा विरोध कायम. जागेचा मुद्दा ठीक आहे, तेवढा मानतो. माझ्या परिवर्तकात ऴ चा अपवाद आज रात्री टाकतो. शिलालेखवेडा, तपासायला शब्द पाठवा.

टंकमित्र: मग त्याच हाताने ऱ ची दोन्ही रूपंही जुळवून टाका.