अस्वल आणि मोहाचा हंगाम: माहितीपटासाठी कॅमेरा कुठे लावायचा?

सातपुडा_फ्रेम्स

अस्वल आणि मोह वेचणारी गावं या विषयावर ४० मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. जागा मेळघाटाची, धारणी-चिखलदरा पट्टा. बुलढाण्याच्या ज्ञानगंगाचाही विचार आहे. हाताशी मार्च-एप्रिलमधले २५ दिवस, एक कॅमेरा, १००-४०० ची लेन्स, सहा ट्रॅप कॅमेरे (समोरून प्राणी गेला की आपोआप चालू होणारे) आणि ध्वनिमुद्रणाला एक माणूस. बजेट म्हणाल तर डिझेल आणि जेवण.

प्रश्न असे:
१. अलास्काच्या फिल्ममध्ये अस्वलं वीस-तीस मीटरवर निवांत मासे खाताना दिसतात. आपल्याकडे असं चित्रण का मिळत नाही? मिळवता येईल का?
२. ट्रॅप कॅमेरे पाणवठ्यावर लावावेत की मोहाखाली?
३. परवानगी नेमकी कुणाची?
४. हल्ल्यातून वाचलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर कसं आणायचं?

वारूळ

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची आखणी त्यावरच ठरते.

अलास्कातलं तपकिरी अस्वल आणि आपलं अस्वल यांत फक्त आकाराचा फरक नाही. कटमाईच्या ब्रुक्स धबधब्यावर जुलैत सॅमन मासे नदीतून वर चढतात. एका जागी एवढं खाद्य असलं की अस्वलं एकमेकांना सोसतात आणि माणसाकडेही दुर्लक्ष करतात. त्यात मॅकनील नदीच्या अभयारण्यात तर दिवसाला फक्त दहा माणसांना सोडत काढून सोडतात. माणसं रोज ठरलेल्या वाटेने जातात, ठरलेल्या जागी बसतात. अस्वलांच्या पिढ्या हेच बघत वाढल्या आहेत. तुम्ही म्हणता ती जवळीक लेन्सची किमया नाही, त्या शिस्तीची आहे.

आपलं अस्वल खातं वाळवी, मुंग्या, बोरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा, मोहफुलं. सगळं विखुरलेलं, थोडंथोडं. त्यामुळे ते रात्रभर भटकतं, आणि एकाच जागी रोज त्याच वेळी येईल याचा भरवसा नाही. नजर अधू, कानही फार तीक्ष्ण नाहीत, नाक मात्र जबर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे नसेल तर ते पार दहा पावलांवर येईपर्यंत त्याला तुमचा पत्ता नसतो. दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. वाघाशी सामना होतो त्या रानात वाढलेला हा प्राणी आहे, आधी झडप आणि मग विचार. पायी फिरून जवळचं चित्रण करायचा विचार आत्ताच सोडा.

हंपीजवळच्या दारोजी अस्वल अभयारण्याची दृश्यं तुम्ही पाहिली असतील. दिवसाउजेडी खडकावर अस्वल, पिल्लं पाठीवर. तिथे खडकांवर गूळ-मधाचा लेप फासतात, म्हणून अस्वलं ठरलेल्या वेळी उतरतात. ती व्यवस्था तिथल्या वनखात्याची आहे. तुम्ही स्वतः गूळ लावलात तर वन्यजीव कायद्यात आमिष दाखवणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे लक्षात असू द्या.

थोडक्यात, तुमच्या फिल्ममध्ये अस्वल कमी दिसणार. ते धरूनच लिहा. मोहाच्या दिवसांत अस्वल आणि बाई एकाच झाडाखाली एकाच पहाटे येतात, दोघांना तीच फुलं हवी असतात. चित्रपट त्या झाडाचा करा. अस्वलाच्या मागे धावलात तर २५ दिवसांत हाती चार पाठमोरे शॉट लागतील.

ट्रॅप_आणि_सेल

सहाही कॅमेरे पाणवठ्यावर लावू नका. पाणवठ्यावरचा शॉट हजार फिल्ममध्ये आहे. तिथे एक पुरे. तीन मोहाकडे, दोन ताज्या उकरलेल्या वारुळांपाशी.

मोहाकडे म्हणजे बुंध्याला नव्हे. झाडाकडे येणाऱ्या पायवाटेवर, वाटेपासून तीन-चार मीटर आत, जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटर उंचीवर. वाटेला काटकोनात लावला तर अस्वल दोन सेकंदांत फ्रेममधून निघून जातं, आणि कॅमेरा जागा होण्यातच पहिला सेकंद गेलेला असतो. वाटेशी ४५ अंशात तिरका लावा, म्हणजे ते चालत येताना मिळेल. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम केलंत की सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट सेन्सरवर, कार्ड रिकाम्या क्लिपांनी भरतं. समोरचं गवत दोन मीटरपर्यंत हाताने दाबून ठेवा, तापलेलं गवत हललं तरी कॅमेरा चालू होतो. तोडायचं नाही, तेवढ्यावरूनही परवानगी अडते.

आता विदर्भाची खास अडचण. हा सेन्सर हालचाल बघत नाही, आजूबाजूच्या तपमानापेक्षा वेगळं काही सरकलं का ते बघतो. एप्रिलच्या दुपारी हवाच ४० च्या पुढे असते, अस्वलाच्या केसांचं वरचं तपमानही तेवढंच. समोरून गेलं तरी कॅमेरा ढिम्म. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. बिघडलेला नसतो. दुपारची आशा सोडा, संवेदनशीलता सर्वांत वर ठेवा आणि रात्र ते सकाळ आठ एवढ्यावरच हिशोब करा.

कॅमेऱ्यातल्या रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचे दोन प्रकार मिळतात. ८५० नॅनोमीटरचा लांबवर पोचतो, पण बारीक लाल ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला कमी आणि चित्र दाणेदार. अस्वलाला लाल ठिपक्याचं फारसं काही नसतं, माणसाला असतं. ज्या वाटेवर गावकरी पहाटे येतात तिथे ९४० च लावा, नाहीतर लोकांना वाटेल आपल्यावर पाळत आहे. आणि कुठे कॅमेरे लावलेत ते गावात आधीच सांगा.

साध्या अल्कलाइन सेलवर रात्रीचा व्हिडिओ चार दिवसांत मंद पडतो. कॅमेरा चालू असतो पण दिव्याचा पल्ला घटतो, म्हणून कळतही नाही. लिथियमचे सेल घाला. क्लिप २०-३० सेकंदांची. फ्रेमवर छापली जाणारी तारीख बंद करा, सहाही घड्याळं एकाच वेळी जुळवा. लोखंडी पेटी हवीच. नवं प्लास्टिक दिसलं की अस्वल येऊन चाटतं, नखं लावतं, पट्टा ओढतं. मुंग्या कॅमेऱ्यात घर करतात ते वेगळंच, पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचं कडं द्या.

कानोसा

ध्वनीवाला माणूस सोबत आहे म्हणता, तर त्याचा खरा उपयोग करून घ्या. या प्राण्याची ओळख आवाजात आहे.

अस्वल वारूळ नखांनी फोडतं, नाकपुड्या मिटून आधी फुंकर मारून माती उडवतं, मग ओठांची नळी करून वाळवी ओढतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून हवा खेचली जाते. तो फुर्रर्र-सूंऽऽ आवाज शांत रात्री शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. चित्र काळंकुट्ट असलं तरी हा आवाज पडद्यावर टाका, प्रेक्षक सरसावून बसेल.

पद्धत: ताज्या उकरलेल्या वारुळापासून आठ-दहा मीटरवर छोटा रेकॉर्डर, वाऱ्याचा आवाज अडवणाऱ्या केसाळ टोपीसह, पॉवर बँकेवर रात्रभर सोडायचा. ३२-बिट फ्लोटवर (यात आवाजाची पातळी नंतरही जुळवता येते) असला तर उत्तम. त्या फुंकरीचा जोर आणि आजूबाजूची शांतता यांत एवढं अंतर असतं की एकच पातळी ठरवली तर एक तरी बिघडतं. अस्वल त्या वारुळाकडे परत येईलच असं नाही, म्हणून दोन-तीन वारुळं फिरवत राहा.

दुसरा आवाज मोहफुलं गळण्याचा. रात्री उशिरापासून ऊन चढेपर्यंत फुलं पडतात. मांसल, रसाळ फूल वाळक्या पानांवर पडलं की टप्प असा ओला आवाज येतो. पण बऱ्याच झाडांखालचा पाला वेचणीआधी झाडून जाळलेला असतो, तिथे तो आवाज मातीत बसका येतो. म्हणून एक झाड न झाडलेलं शोधा आणि त्याच्याखाली तासभर निव्वळ आवाज घ्या. तसाच पाला जाळतानाचा, खराटा मारतानाचा, टोपलीत फूल पडतानाचा.

लांब लेन्सने घेतलेल्या वन्यप्राण्याच्या शॉटला आवाज नसतोच, स्टुडिओत तयार केलेला पावलांचा आवाज चिकटवतात. जवळपास सगळे करतात. तुमच्याकडे खरे आवाज असतील तर त्या भानगडीत पडू नका.

बीट_नोंदवही

परवानगीचं सांगतो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आहे, अधिवासात बदल न करता आणि प्राण्यांना बाधा न पोचवता, या अटीसह. अर्जात माणसांची नावं, गाड्यांचे क्रमांक, उपकरणांची यादी, कोणत्या परिक्षेत्रात किती दिवस, ट्रॅप कॅमेरे किती, हे सगळं घाला. ट्रॅप कॅमेरे वेगळे लिहिले नसतील तर जागेवर वनरक्षक हरकत घेतो आणि त्याचं बरोबर असतं. ड्रोन टाळाच, नुसतं ड्रोन लिहिलं की फाइल दोन टेबलं जास्त फिरते. निदान तीन महिने हातात ठेवा.

अभयारण्याबाहेरचं राखीव जंगल असेल तर प्रादेशिक विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जा. गावाला सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळालेला असेल तर ग्रामसभेकडेही, आणि खरं तर तिथेच आधी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखासारख्या गावांमुळे २००९ पासून हा मार्ग लोकांना माहीत झाला.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपजाचा (मोहासारख्या, लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंचा) हक्क अभयारण्यातही लागू होतो, पण प्रत्येक गावाचा दावा मंजूर झालेला नसतो. दावा लटकलेल्या गावातली बाई अभयारण्याच्या हद्दीत मोह वेचताना, पाला जाळताना तुम्ही ओळखू येईल अशी चित्रित केलीत तर ते तिच्याविरुद्ध पुराव्याचं चित्रण झालं. हद्द कुठे आहे हे वनरक्षकाकडून नकाशावर बघून घ्या आणि वेचणीचे चेहऱ्याचे शॉट हद्दीबाहेरच्या झाडांखाली, शेताच्या बांधावर घ्या. मोहाची कितीतरी झाडं बांधावरच असतात.

सातपुडा_फ्रेम्स

हद्दीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. म्हणजे ज्ञानगंगापेक्षा मेळघाटच, पण बांधावरची झाडं. चौथ्या प्रश्नावर कुणी बोलेल का? शिवाय सुटका केलेल्या अस्वलांच्या केंद्रात जवळचे शॉट मिळू शकतात, ते मधे घातले तर?

कोरकू_पाटी

चौथ्याचं उत्तर सांगते.

अस्वलाचा हल्ला बहुतेकदा डोक्यावर, चेहऱ्यावर होतो. त्यामुळे जखमी माणूस म्हणजे चेहऱ्याचा प्रश्न. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतून काढू नका. हल्ला ताजा असेल, भरपाईचं प्रकरण चालू असेल तर तो माणूस सोडा. तुमच्या फिल्ममधलं एक वाक्य, "मी आतल्या झाडाकडे गेलो होतो", त्याची भरपाई अडवू शकतं.

संमती कागदावर मराठीत आणि तोंडी कोरकूत (मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत), दोन्ही. कोरकू बोलणारी व्यक्ती गावातली नको, शेजारच्या गावातली घ्या, म्हणजे माणूस मोकळं बोलतो. चेहरा न दाखवता हात, आवाज, तो ज्या झाडाखाली बसला होता ते झाड, एवढ्यावरही मुलाखत उभी राहते. कच्चं चित्रण त्याला दाखवा आणि नको म्हणाला तर काढा. वेळ सकाळची मागू नका. मोहाचे तीन-चार आठवडे म्हणजे त्या घराचा वर्षाचा रोकड पैसा, आणि वेचणी दहाच्या आत संपते. दुपारी फुलं वाळत घातल्यावर माणसं निवांत असतात. तरी दिवस मोडला तर मजुरी द्या.

हल्ल्याचा प्रसंग नाट्यरूपात करू नका. ग्रिझली मॅन हा २००५ चा माहितीपट इथे कामाचा आहे. कटमाईत तेरा उन्हाळे अस्वलांमध्ये राहिलेला टिमोथी ट्रेडवेल आणि त्याची सोबतीण २००३ च्या ऑक्टोबरमध्ये अस्वलाच्या हल्ल्यात मेले, तेव्हा कॅमेरा चालू होता पण लेन्सवर झाकण होतं. सुमारे सहा मिनिटांचा आवाज उरला. दिग्दर्शक हर्झोग तो हेडफोनवर ऐकताना दिसतो, प्रेक्षकाला ऐकवत नाही. त्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते हेच दृश्य.

वारूळ

केंद्रातल्या अस्वलाबद्दल. ही अस्वलं बहुतेक दरवेश्यांकडून, म्हणजे अस्वलं नाचवून पोट भरणाऱ्यांकडून, सोडवलेली. नाचणारं शेवटचं अस्वल २००९ च्या अखेरीस सोडवलं गेलं, तेव्हा आता जी उरलीत ती म्हातारी असणार. नाकावर दोरीच्या छिद्राची खूण, काहींचे सुळे तोडलेले. जवळून घेतलंत तर ते दिसतंच. रानातलं म्हणून खपवलंत तर पकडले जाल. शिवाय प्रत्येक अस्वलाच्या छातीवरची पांढरट खूण वेगळी असते, कुणाची इंग्रजी व्ही सारखी, कुणाची यू सारखी, कुणाची तुटक. एकाच प्रसंगात दोन खुणा आल्या की जाणकार लगेच म्हणतो, ही दोन वेगळी जनावरं आहेत. नखांचा, जिभेचा जवळचा शॉट हवाच असेल तर खाली पट्टीत लिहा, "पुनर्वसन केंद्रातील अस्वल".

एक राहिलं. पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत जन्मतात, मार्चमध्ये आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. म्हणजे तुमच्या २५ दिवसांत पिल्लंवाली मादी हमखास हिंडत असणार. गुहेच्या तोंडाशी कॅमेरा नाही म्हणजे नाही, आणि कार्डे बदलायला जाल ते सकाळी नऊनंतर, दोघांनी, मोठ्याने बोलत. फाइल कुणाला पाठवण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद पुसा.

ट्रॅप_आणि_सेल

कार्डे बदलताना जुनं कार्ड तिथेच बघत बसू नका, नुसतं काढा, नवं घाला, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि निघा. बसलात की तुमचा वास राहतो, पुढचे दोन दिवस क्लिप येत नाहीत.