क्रूझ कंपनी बदलताना खरी 'डील' कशी ओळखली? अनुभव लिहा

क्रूझवर एकदा जाऊन आलेली मंडळी पुढच्या वेळीही बहुतेक त्याच कंपनीकडे जातात. तिथलं जेवण कसं, टिप किती कापतात, केबिन केवढी, हे सगळं माहीत झालेलं असतं. नव्या कंपनीची जाहिरात निम्म्या भावात दिसली तरी हात आखडतो, कारण आत काय धरलंय याचा पत्ता नसतो. म्हणून हा धागा. सूर्यास्ताचं वर्णन दुसरीकडे करू, इथे हिशेब हवाय. बुकिंग कधी केलं, कुणाकडून केलं, भाड्यात काय होतं आणि नंतर काय चढलं, ते लिहा. रुपयांचे आकडे आठवत नसले तरी चालेल.

माझं मत आधीच सांगते. जाहिरातीतला आकडा म्हणजे फक्त भाडं. घरची माणसं जहाजावर काय खातात-पितात, कुठे उतरतात आणि कुठला पासपोर्ट घेऊन जातात, त्यावर ते स्वस्त की महाग हे ठरतं.

डोंबिवली (धागाकर्ती)

आमच्या घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलं. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया घेतली. ही कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिची 'एम्प्रेस' म्हणजे रॉयल कॅरिबियनची १९९० सालची जुनी बोट. जुनी म्हणून नाक मुरडणारे भेटले. मला मात्र ज्येष्ठांबरोबर पहिल्यांदा जाताना आटोपशीर जहाजच बरं वाटलं, केबिनपासून जेवणघरापर्यंत बाबांची दमछाक झाली नाही.

भाव बघताना एकच काम चिकाटीने केलं. तारीख आणि केबिन निवडून थेट पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं, स्क्रीनशॉट काढायचा आणि बाहेर पडायचं. पहिल्या पानावर दिसतं ते दोघांच्या केबिनचं माणशी भाडं. पुढे पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) आणि जीएसटी चढतात. 'मुलं मोफत' असं ठळक लिहिलेलं असलं तरी मुलांचे पोर्ट चार्जेस आणि कर सहसा सुटत नाहीत. असे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तेव्हा शनिवार-रविवारला धरून असलेली गोवा फेरी आणि आठवड्याच्या मधली फेरी यातला फरक नीट कळला. शाळा बुडवायची तयारी असेल तर मधला वारच घ्या.

रोजचं जेवण भाड्यात होतं, जैन जेवणाची सोयही होती. दारू आणि स्पेशल रेस्टॉरंट वेगळं. आमच्याकडे कुणी घेत नाही, त्यामुळे बिलात पुढे फारसं काही वाढलं नाही.

सिंगापूर

इथे राहणाऱ्या मराठी लोकांचं पूर्वीपासून स्टार क्रूझेस-ड्रीम क्रूझेसशी गणित जमलेलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग बुडाली आणि ते सगळं संपलं. त्याच वर्षी जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाने 'गेंटिंग ड्रीम' सिंगापूरहून पुन्हा सुटायला लागली. जहाज ओळखीचं आणि कंपनी नवी.

नवी कंपनी सुरुवातीला गिऱ्हाईक जमवत असते, तेव्हा छोट्या फेऱ्या घेऊन बघाव्यात. शुक्रवारी सुटणारी फेरी सगळ्यांना हवी असते. बुधवारी सुटणारी घेतली तर तीच केबिन कमी पैशात मिळते आणि बुफेला रांगही कमी. भारतीय शाकाहारी जेवण इथे नीट मिळतं. आई-वडील भारतातून येणार असतील तर हा मुद्दा साधा समजू नका. बाहेरच्या बऱ्याच कंपन्यांत 'व्हेजिटेरियन' म्हणजे पास्ता, सॅलड आणि उकडलेल्या भाज्या.

मात्र कंपनी नवी आणि जहाजही नवंकोरं असेल तर सवलतीची आशा धरू नका. 'डिस्ने अ‍ॅडव्हेंचर'चंच बघा. हे जहाज मुळात गेंटिंगसाठी जर्मनीत बांधायला घेतलेलं, ते डिस्नेने २०२२ मध्ये विकत घेतलं. सिंगापूरहून पहिली फेरी डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेली होती, ती मार्च २०२६ वर गेली. पहिल्या फेऱ्यांची तारीख अशी हलू शकते, म्हणून विमानाचं तिकीट परतावा न मिळणारं काढू नये. घाई नसेल तर पहिला हंगाम जाऊ द्यावा.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिल्यावर पेनांग-पोर्ट क्लांगच्या फेऱ्या भारतातून येणाऱ्यांना आणखी परवडू लागल्या. ती मुदत अधूनमधून वाढवतात, बुकिंगच्या आधी तपासा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हेही बघा. जहाज परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्यांदा देशात शिरता.

न्यू जर्सी

अमेरिकेतला खेळ थोडा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

जानेवारी ते मार्च हा इथला 'वेव्ह सीझन'. सगळ्या कंपन्या एकदमच ऑफर काढतात. पण ऑफरपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे फायनल पेमेंटची, म्हणजे उरलेले सगळे पैसे भरायची तारीख. साधारण ७५ ते १२० दिवस आधी ती येते. तोपर्यंत डिपॉझिट परत मिळणारं असेल तर भाव उतरल्यावर फोन करून कमी करून घेता येतो. स्वस्तातलं 'नॉन-रिफंडेबल डिपॉझिट' घेतलंत की यातलं बरंच हातातून जातं. नवी कंपनी आजमावताना मी रिफंडेबलच घेतो, थोडे जास्त गेले तरी. रोज भाव बघायचीही गरज नाही, आठवड्यातून एकदा नजर टाकली की पुरे.

दुसरी गोष्ट, तुमच्या जुन्या कंपनीतलं स्टेटस, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून मिळालेला दर्जा, वाया जात नाही. एमएससी ही क्रूझ कंपनी इतर क्रूझ कंपन्यांचं, हॉटेलांचंसुद्धा, लॉयल्टी स्टेटस बघून स्वतःच्या क्लबात बरोबरीचा दर्जा देते. अर्ज ऑनलाइन, कार्डाचा फोटो लावायचा. आणि कंपनी 'बदलली' असं आपल्याला वाटतं तेव्हा मालक बऱ्याचदा एकच असतो. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड या सगळ्या कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या. सेलिब्रिटी ही रॉयल कॅरिबियनची बहीण, आणि तिथे एकीकडचं स्टेटस दुसरीकडे धरतात. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन यांचे १०० शेअर्स नावावर असतील तर भागधारक म्हणून ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला रक्कम, मिळतं. कार्निव्हलचं आठवडाभराच्या फेरीला १०० डॉलर असतं. केवळ त्यासाठी शेअर घेऊ नका, पण असतील तर मागा. आपणहून कुणी देत नाही.

आता पेयांचं पॅकेज. 'ड्रिंक्स, वायफाय, टिप्ससकट' असं भाडं बघून आपण हुरळतो. आमच्या घरात दोघंही पीत नाही, त्यामुळे ते भाडं आमच्यासाठी निव्वळ महाग. 'फ्री' म्हणून दिलेल्या पेयांच्या पॅकेजवर २० टक्के ग्रॅच्युइटी वेगळी घेणारीही कंपनी आहे, म्हणजे न प्यायलेल्या दारूवरची टिप. काही कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. आम्ही साधं भाडं घेतो आणि बरोबर चहाच्या पिशव्या नेतो.

आणि व्हिसा! सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणाऱ्या क्रूझ कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला १८८६ च्या कायद्यानुसार मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. तिथे पोचायला बऱ्याचदा संध्याकाळ होते, उतरायला जेमतेम काही तास. पण अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. ग्रीन कार्डवाल्यांना तो लागत नाही. चौघांच्या कुटुंबाची 'डील' इथे पार विरघळते. हा खर्च धरून मी मग मे महिन्यातली फेरी बघितली. मे आणि सप्टेंबरात अलास्का जून-जुलैपेक्षा स्वस्त, गारठा सोसायची तयारी हवी.

सावंतवाडी

मी शिपवर हाउसकीपिंगला होतो. आतून काय दिसतं ते सांगतो.

रिकामी केबिन घेऊन निघणं कुठल्याच कंपनीला नको असतं. प्रवासी आत आला की बारमध्ये, दुकानात, कॅसिनोत, शोअर एक्स्कर्शनवर (बंदरात उतरून करायच्या सहलींवर) खर्च करतोच. म्हणून फायनल पेमेंटनंतर रद्द झालेल्या केबिन उरल्या तर भाव पाडतात. जवळ राहणाऱ्याला, सुट्टीची अडचण नसलेल्याला हे सोयीचं. मुंबईहून विमानाने येणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये, विमानाचं तिकीट तोवर दुप्पट झालेलं असतं.

'गॅरंटी' केबिन स्वस्त असते, कारण नंबर कंपनी ठरवते. पहिल्यांदाच त्या जहाजावर जात असाल तर मी म्हणेन थोडे पैसे देऊन नंबर स्वतः निवडा, आणि डेक प्लॅन उघडून वर-खाली काय आहे ते बघा. पूल डेकच्या बरोबर खालची केबिन घेऊ नका. पहाटे आमची माणसं खुर्च्या सरकवून डेक धुतात, ती घरघर थेट उशाशी येते. थिएटरच्या वर किंवा नाइट क्लबच्या खाली रात्री झोप नाही. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मधला डेक घ्या. तिथली खिडकी नसलेली आतली खोलीही शांत असते आणि जहाज डोलतं कमी.

एक विनंती. टिप माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर बिलात लागते. काही लोक गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन ती काढून टाकतात आणि परत येऊन 'पैसे वाचवले' म्हणून सांगतात. गोव्यात, सिंधुदुर्गात, रत्नागिरीत कितीतरी घरं शिपवरच्या पगारावर उभी आहेत, आणि त्या पगाराचा मोठा भाग टिपांचा असतो. ती रक्कम भाड्यातच धरा. तेवढी झेपत नसेल तर छोटी फेरी घ्या.

दुबई

थोडक्यात. साधारण नोव्हेंबर ते मार्च आखातात एमएससी, कोस्टा, अलीकडे सेलेस्टियल अशा कंपन्यांची जहाजं येत आली आहेत. इथल्या रहिवाशांना विमान लागत नाही, म्हणून उशिरा बुक करणं परवडतं. नाताळ आणि ३१ डिसेंबर सोडून जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघा. भारतातून आई-बाबांना बोलावत असाल तर यूएईचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा.

साउथॅम्प्टनजवळ

इंग्लंडमध्ये भाव करायला वाव एजंटकडे. कंपनीचा दर सगळीकडे सारखा असतो, पण एजंट आपल्या कमिशनमधून सूट किंवा ऑनबोर्ड क्रेडिट देतो. मी दोघा-तिघांकडून लेखी कोटेशन घेते आणि सरळ विचारते, याहून काय देता? आपल्याकडे दादरच्या दुकानात विचारायला लाजत नाही, तर इथे का लाजायचं.

इथल्या पी अँड ओ कंपनीने २०१९ पासून वेगळी टिप बंद केली. मरेला ही कंपनी विमान, पेयं, टिप सगळं धरून भाडं सांगते. दुसऱ्या कंपनीशी तुलना करताना हे लक्षात ठेवून बेरीज करा, नाहीतर मरेला उगीच महाग वाटते. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला इथल्या कायद्यातल्या सेक्शन ७५ चं संरक्षण आहे, कंपनी बुडाली तर बँकेकडे मागता येतं. नव्या, छोट्या कंपनीसाठी तर मी दुसऱ्या कशानेच पैसे देत नाही.

पुणे

मी एकटी फिरते, निवृत्तीनंतर. एकटीला दोघांचं भाडं द्यावं लागतं, ही क्रूझची सगळ्यात अन्यायाची बाजू, आणि जाहिरातीत ती कुठे दिसत नाही. नॉर्वेजियनने २०१० मध्ये 'एपिक' जहाजावर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन आणल्या. त्या लवकर संपतात, त्यामुळे इतर सगळे उशिरा बुक करा म्हणत असले तरी एकट्याने लवकर करावं. शिवाय एप्रिल-मेमध्ये जहाजं कॅरिबियनहून युरोपला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत जातात, त्या रिपोझिशनिंग फेऱ्यांत रात्रीमागे दर खूपच कमी पडतो आणि एकट्यांवरचा जादा आकारही कधी कधी उतरतो. समुद्रातच सलग दिवस काढायचे असतात. मला वाचायला तेच हवं असतं. फक्त एकेरी विमानाचा खर्च आधी बघून घ्या.

ठाणे

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळा गोतावळा नेला. मोठ्या गटाला एजंटमार्फत गेलेलं बरं. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत आठ केबिन झाल्या की एका माणसाचं मूळ भाडं सुटतं, ती सूट आम्ही सगळ्यांत वाटून घेतली. कंपनी सगळ्यांनाच नवी होती, म्हणून आधी माझा दीर आणि जाऊ त्याच कंपनीची छोटी फेरी करून आले. जाऊबाईंनी केबिनची लांबी पावलांनी मोजून, सासूबाईंची व्हीलचेअर न्हाणीघराच्या दारातून जाते का, ते फोटोसकट पाठवलं. जात नव्हती. मग सासूबाईंसाठी अपंगांसाठीची केबिन मागितली. त्या मोजक्याच असतात, आमची लवकर मागितल्यामुळे मिळाली.

नाशिक

विमान आणि क्रूझ एकत्र पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, कापतात तो गेलाच का? आणि आईचा इथला मेडिक्लेम जहाजावर चालेल का?

डोंबिवली (धागाकर्ती)

टीसीएस जात नाही, पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात, तेवढी रक्कम हाताशी ठेवा. इथला नेहमीचा मेडिक्लेम परदेशी जहाजावर बहुधा चालत नाही. तिथल्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये लागतं आणि जागच्या जागी द्यावं लागतं. प्रवास विमा घेताना जहाजावरून हलवण्याचा खर्च, म्हणजे मेडिकल इव्हॅक्युएशन, त्यात आहे का आणि आईंचे जुने आजार धरलेत का, हे दोन्ही पॉलिसीत लेखी बघा. एजंट भाड्याबरोबर विमा फुकट देत असेल तरी त्याची मर्यादा वाचूनच होकार द्या.