मदत हवी आहे: मुलगा तीन वर्षांचा होतोय, स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतंय "थांबून बघू" (न्यू जर्सी)

नमस्कार. अर्ली इंटरव्हेन्शनमधून (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सरकारी थेरपी सेवा) प्रीस्कूलच्या स्पेशल एज्युकेशनकडे मुलाला नेण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांची मदत हवी आहे. न्यू जर्सीचे कोणी असतील तर फारच बरं. इतर राज्यांतल्यांनीही लिहा, कारण मूळ कायदा फेडरल आहे.

मुलगा जानेवारीच्या शेवटी तीन वर्षांचा होईल. दीड वर्षाचा असताना डॉक्टरांच्या स्क्रीनिंगमध्ये शंका आली, तेव्हापासून अर्ली इंटरव्हेन्शन चालू आहे. घरी येणाऱ्या थेरपिस्ट मनापासून काम करतात. पण तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा थांबते आणि पुढची जबाबदारी डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे जाते. त्यासाठीची ट्रान्झिशन मीटिंग मागच्या आठवड्यात झाली. डिस्ट्रिक्टच्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "घरी मराठी आणि थेरपीत इंग्रजी, त्यामुळे उशीर होत असेल. त्याला एखाद्या प्रीस्कूलमध्ये घाला, सहा महिन्यांत इंग्रजी येईल, मग बघू." कागद दिला नाही, माझी सही घेतली नाही, पुढची तारीखही दिली नाही.

अडचण इंग्रजीची नाहीच. तो मराठीतही बोलत नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून मला बेसिनपाशी नेतो आणि माझा हात नळावर ठेवतो. नळाकडे बोट दाखवत नाही, माझ्या तोंडाकडे बघत नाही. 'आपा', 'दे', 'नको' असे दहा-बारा शब्द आहेत, त्यातला 'नको' सगळ्यात स्पष्ट. बडबडगीताची ओळ मी अर्धी सोडली तर शेवटचा शब्द बरोबर म्हणतो, पण तोच शब्द एरवी कधी वापरत नाही. हाक मारली की बहुतेक वेळा वळत नाही. कानांची तपासणी झाली आहे, ऐकू व्यवस्थित येतं.

घरातले मोठे म्हणतात, मुलगे उशिरा बोलतात, त्याचे बाबाही उशिराच बोलले. नवऱ्याला वाटतं की एकदा शिक्का बसला की तो जन्मभर पुसला जाणार नाही. शिवाय आम्ही एच-वन-बीवर आहोत, शाळेकडून मोफत सेवा घेतली तर ग्रीन कार्डला अडचण येईल का, ही त्याची दुसरी काळजी. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) अपॉइंटमेंट वसंत ऋतूतली मिळाली आहे. त्याआधी डिस्ट्रिक्ट काही करणार नाही का?

मला सगळ्यात आधी हे समजून घ्यायचंय: मीटिंगमध्ये जे झालं तो नकार धरायचा का? आणि आता मी नेमकं काय करू? सप्टेंबर संपत आला आहे.

पाऊलवाट:

ताई, तोंडी "थांबून बघू" हा कायद्याच्या दृष्टीने नकार नव्हे आणि होकारही नव्हे. मूल्यमापन करायचं नसेल तर डिस्ट्रिक्टला तसं लेखी कळवावं लागतं: काय नाकारलं, का नाकारलं, कशाच्या आधारावर नाकारलं. असा कागद हातात असला की मीडिएशन (मध्यस्थामार्फत तडजोड) किंवा ड्यू प्रोसेस (निवाड्यासाठीची कायदेशीर सुनावणी) मागता येतं. कागदच नसेल तर बोट ठेवायला हाती काही राहत नाही आणि दिवस मात्र जात राहतात.

म्हणून आज रात्रीच डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेस विभागाच्या डायरेक्टरना पत्र लिहा. चार ओळी पुरतात: मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, त्याला अर्ली इंटरव्हेन्शन चालू आहे, आणि 'चाइल्ड स्टडी टीमने माझ्या मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी प्राथमिक मूल्यमापन करावं अशी मी लेखी विनंती करते आहे' हे वाक्य. चाइल्ड स्टडी टीम म्हणजे डिस्ट्रिक्टचा मूल्यमापन करणारा तज्ज्ञांचा गट. कारणमीमांसा नको. ईमेल करा आणि प्रत प्रत्यक्ष ऑफिसात देऊन त्यावर पोच घ्या.

आपल्या राज्यात हे पत्र पोचल्यापासून २० दिवसांत त्यांना तुमच्यासोबत मीटिंग घ्यावी लागते. त्यात शाळेच्या सुट्ट्या धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी धरतात. मूल्यमापन ठरलं आणि तुम्ही संमतीची सही केली की त्या दिवसापासून ९० दिवसांत मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि आयईपी (मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) लागू होणं, सगळं व्हायला हवं. २० आणि ९० मिळून ११० होतात. वाढदिवसाच्या किमान १२० दिवस आधी विनंती पोचावी असं न्यू जर्सीचा नियम सांगतो. जानेवारीचा शेवट म्हणजे तुमचे १२० दिवस याच आठवड्यात भरतात. म्हणून आज रात्री म्हटलं.

अर्ली इंटरव्हेन्शनमधून आलेल्या पात्र मुलाचा आयईपी तिसऱ्या वाढदिवसाला लागू असला पाहिजे, हा फेडरल नियमच आहे. "सहा महिन्यांनी बघू" यात बसत नाही.

डॉक्टरांच्या निदानासाठी थांबू नका. शाळेची पात्रता वैद्यकीय निदानावर ठरत नाही. तीन ते पाच वयाच्या मुलांसाठी विकासाच्या एका क्षेत्रात ३३ टक्के किंवा दोन किंवा जास्त क्षेत्रांत २५ टक्के उशीर दिसला, आणि त्यामुळे स्पेशल एज्युकेशनची गरज असली, तर मूल पात्र ठरू शकतं. भाषा हे एक क्षेत्र, तसंच सामाजिक-भावनिक विकास हेही एक. हात नळावर ठेवण्याबद्दल जे लिहिलंत ते दोन्हींत मोडतं, मीटिंगमध्ये ते असंच्या असं सांगा.

निळीशाई:

मी दुसऱ्या राज्यात शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. भाषेच्या मुद्द्यावर लिहिते, कारण मराठी घरांतून हे वारंवार ऐकलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. ३० महिन्यांच्या आसपास साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. सगळे मिळून दहा-बाराच होत असतील तर तो उशीर इंग्रजी न येण्याचा नाही.

हे महत्त्वाचं का, तर कायद्यातच असं आहे की अडचणीचं मुख्य कारण इंग्रजी कमी येणं हेच असेल तर मूल पात्र धरता येत नाही. "घरी मराठी आहे" या वाक्याचा रोख तिकडे जातो. त्याला उत्तर म्हणून त्याच्या मराठीची नोंद ठेवा. एका वहीत प्रत्येक शब्द, तो कसा उच्चारतो, कशासाठी वापरतो आणि स्वतःहून म्हणतो की आपण म्हटल्यावर, एवढं लिहा. बडबडगीताचं निरीक्षण अवश्य लिहा, आमच्यासाठी ते फार बोलकं असतं. आजीशी किंवा तुमच्याशी खेळतानाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढा. त्यात त्याला बोलायला लावू नका, जसा असतो तसा दिसू दे.

आणि लेखी मागा की मूल्यमापन मराठीतूनही व्हावं. मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत घेणं कायद्याने अपेक्षित आहे, अगदीच शक्य नसेल तेवढाच अपवाद. मराठी येणारा थेरपिस्ट मिळणं कठीण आहे, पण दुभाषी मिळू शकतो. चाचणीच्या वेळी दुभाषाच्या जागी तुम्ही स्वतः बसू नका. आई नकळत हातवारे करते, सूर बदलते, मूल त्यावरून ओळखतं आणि गुण खऱ्यापेक्षा जास्त पडतात. त्या खोलीत तुम्ही फक्त आई म्हणून असा.

घरात मराठी बोलणं मात्र कोणी सांगितलं तरी बंद करू नका. तुमच्या तोंडून त्याला सगळ्यात जिवंत भाषा हीच मिळते.

धागाकर्ती:

दोघांचे खूप आभार. पत्र पाठवलं, मराठीतून मूल्यमापनाची ओळही घातली. उद्या प्रत घेऊन ऑफिसात जाते. नवऱ्याच्या दोन शंकांबद्दल कोणी लिहील का? त्याने हा धागा वाचला आहे.

पाऊलवाट:

दादांसाठी लिहितो. आयडीईए हा स्पेशल एज्युकेशनचा फेडरल कायदा मुलाचा किंवा पालकांचा व्हिसा विचारत नाही. मूल डिस्ट्रिक्टमध्ये राहतं, एवढं पुरतं. ही सेवा म्हणजे सार्वजनिक शिक्षणच आहे, रोख मदत नव्हे. अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये उत्पन्नानुसार कुटुंबाचा वाटा द्यावा लागतो, इथे तोही नाही.

शिक्क्याबद्दल: न्यू जर्सीत या वयात वर्गीकरण 'प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी' एवढंच असतं, त्यात निदानाचं नाव नसतं. आयईपीचा आढावा दर वर्षी होतो. पहिल्यांदा सेवा सुरू करायला तुमची लेखी संमती लागते आणि नंतर ती लेखी मागेही घेता येते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना सुरुवात केली, आता दुसरीत आहे आणि तिला फक्त स्पीच उरलं आहे. प्रत्येक मुलाचं तसंच होईल असं मी म्हणणार नाही, पण तो कागद तिच्या आड कधी आला नाही.

अजून एक. पात्रतेच्या मीटिंगच्या किमान १० दिवस आधी सगळे रिपोर्ट तुमच्या हातात यायला हवेत. नाही आले तर लेखी मागा, आणि दोघांनीही मीटिंगआधी ते वाचून काढा. मूल्यमापन पटलं नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. त्यांना ते द्यायचं नसेल तर त्यांनाच ड्यू प्रोसेसमध्ये जाऊन आपलं मूल्यमापन योग्य होतं हे दाखवावं लागतं. मदतीला कोणी हवं असेल तर स्पॅन पॅरेंट ॲडव्होकसी नेटवर्कला फोन करा. आपल्या राज्यातलं पालकांसाठीचं प्रशिक्षण आणि माहिती केंद्र तेच आहे, आणि त्यांची मदत मोफत असते.

२० दिवसांत मीटिंगची तारीख आली नाही तर इथे लिहा. राज्याच्या शिक्षण विभागाकडे तक्रार कशी मांडायची ते सांगतो.