दुसरीच्या मुलांना रोजचा गृहपाठ आणि घटक चाचण्या हव्यात का?

प्रश्न: दुसरीतील मुलीची आई, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी एका खासगी शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गात दुसरीत शिकते. तिला रोज एक पान शुद्धलेखन, एक पाढा पाच वेळा आणि इंग्रजीचे दहा शब्द तीन-तीनदा लिहून न्यावे लागतात. मी साडेसहाला कामावरून परतते, स्वयंपाक आटोपेपर्यंत आठ वाजतात आणि मग आम्ही वही उघडतो. नऊच्या सुमारास तिचे डोळे मिटायला लागतात आणि माझा आवाज चढायला लागतो.

परवा ती चाराचा पाढा लिहीत असताना मी शेजारी बसून पाहत होते. तिने आधी पानाच्या कडेने वरपासून खालपर्यंत दहा वेळा ४ लिहिला, मग त्यापुढे गुणिलेची दहा चिन्हे काढली, मग १ ते १० आकडे उतरवले, मग बरोबरची चिन्हे ओढली आणि उत्तरे मागच्या पानावरून पाहून भरली. पान सुबक झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ‘छान’ असा शेराही मिळाला. पण चार सक किती, हे विचारल्यावर तिला सांगता आले नाही.

शाळेत वर्षभरात चार घटक चाचण्या आणि दोन सत्र परीक्षा होतात, आणि प्रत्येक चाचणीनंतर पालकांच्या गटावर पहिल्या पाच मुलांची नावे येतात. गेल्या चाचणीच्या सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांना काही आढळले नाही आणि दुपारी ती अंगणात खेळत होती. मी गटावर गृहपाठ कमी करण्याचा विषय काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक पालकांनी ‘उलट वाढवायला हवा, पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आहे’ असे लिहिले. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. याबाबत काही नियम आहे का? आणि सात वर्षांच्या मुलीसाठी मी मागते आहे ते खरोखरच चुकीचे आहे का?

प्रतिसाद १: निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा

ताई, आधी नियमांचे सांगतो, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाचे शिक्षण भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. त्याला अनुसरून आपल्या राज्याने ऑगस्ट २०१० मध्ये मूल्यमापनाची नवी पद्धत आणली. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भारांश दिला गेला. म्हणजे शिक्षकाने सत्रभर केलेले निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि वर्गकार्य यांचा वाटा मोठा, आणि सत्राच्या शेवटी घेतलेल्या परीक्षेचा लहान. ‘सरकारने परीक्षाच बंद केल्या’ असे जे सर्रास बोलले जाते ते खरे नाही. नापास करणे बंद झाले होते, तपासणे कधीच बंद झाले नव्हते. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आली. दुसरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गृहपाठाबाबत केंद्राने नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यांना कळवले की पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये. त्याआधी त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता. २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे नमूद आहे. रोज दोन तास नव्हे, आठवड्याला. दप्तराच्या वजनावर पालक आवर्जून बोलतात, पण याच धोरणातील गृहपाठाची ओळ बहुतेकांच्या वाचनात येत नाही. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. न समजलेल्या गोष्टीचे ओझे दप्तराच्या ओझ्याहून जड असते, हा त्या अहवालाचा गाभा होता आणि आपल्या मुलीच्या चाराच्या पाढ्यात तो आजही तसाच दिसतो.

तेव्हा आपण मागत आहात ते चुकीचे नाही.

प्रतिसाद २: चौथीतील मुलाचे वडील, पिंपरी

सरांनी दिलेल्या माहितीबद्दल आभार, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मी अनुभवातून मांडतो आहे.

माझी आई शाळेत गेलेली नव्हती. तरी दिवेलागणीला शुभंकरोति झाले की ती आम्हा भावंडांना परवचा म्हणायला बसवायची आणि कोण अडखळले हे तिला नुसत्या लयीवरून कळायचे. त्या पाढ्यांवर मी आजही कारखान्यात तोंडी हिशेब करतो. सराव हा झालाच पाहिजे.

माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत पहिली-दुसरीला गृहपाठ नव्हता आणि परीक्षाही नावापुरतीच होती. प्रगतीपुस्तकावर दर वेळी ‘अ-२’ श्रेणी आणि ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’ अशी नोंद असे. तो तिसरीत गेल्यावर एके दिवशी मी त्याला दुकानावरची पाटी वाचायला सांगितली, तेव्हा त्याला जोडाक्षरे येत नसल्याचे माझ्या लक्षात आले. पूर्ण दोन वर्षे मला कोणी काही सांगितले नव्हते. मुलांना वाचन आणि गणित कितपत येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला होता. माझा मुलगा शहरातला आहे, तरी तो आकडा वाचला तेव्हा मला माझेच घर आठवले. परीक्षेची भीती वाईट, हे मान्य. पण आपल्या मुलाला काय येत नाही हे पालकाला उशिरा कळणे त्याहून वाईट आहे.

प्रतिसाद ३: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, बीड जिल्हा

दादा, आपला राग मला समजतो, कारण त्या ‘उत्साहाने सहभागी होतो’ अशा नोंदी मीही लिहिल्या आहेत. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र बसतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्र संपताना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी भरायच्या असत आणि त्या तयार वाक्यांच्या यादीतून उतरवून काढण्याची पद्धत सगळीकडेच पडली होती. ती पद्धत मुलाला पाहण्यासाठी होती आणि आम्ही मुलाकडे न पाहता रकाने भरले. आपल्या मुलाची जोडाक्षरे राहिली ती अशा रकान्यांत. त्याला दुसरीत लेखी परीक्षा असती, तरी २० पैकी ९ गुण मिळाले एवढेच आपल्याला कळले असते. नेमके काय अडले आहे हे त्या नऊ गुणांतून दिसले नसते.

याचे एक उदाहरण देते. वर्गात ५२ वजा २८ हे गणित दिले की काही मुले ३६ उत्तर काढतात. लेखी पेपरात त्यावर फुली मारून शून्य गुण दिले की काम संपते. पण मूल जवळ बसवून ‘तू कसे केलेस ते मला सांग’ म्हटले, तर ते सांगते: ‘आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन.’ त्याला वजाबाकी येते, फक्त दशक सुटा करायचा हे उमगलेले नाही, म्हणून ते मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे. मग काड्यांचा एक गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा आणि तो सोडायला लावायचा. ‘असर’च्या पाहणीतही स्वयंसेवक एका मुलाजवळ बसून त्याला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात आणि ते कुठे अडते ते टिपतात. त्याला गुण नसतात, नंबर नसतो. तीही परीक्षाच आहे आणि सात वर्षांच्या मुलाला त्याच परीक्षेचा उपयोग असतो. मी दर महिन्याला प्रत्येक मुलाला अशी काही मिनिटे देते. पटावर ३१ मुले असल्याने हे सोपे नाही, पण चाचणीचे गठ्ठे घरी नेऊन तपासण्यापेक्षा यातून मला जास्त कळते.

आता गृहपाठ. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे असतात. पूर्वी मी त्यांना रोज एक पान लिहायला देत असे. वह्या यायच्या तेव्हा पहिल्या तीन ओळींत ‘ज्ञ’ नीट असायचा, चौथ्या ओळीत त्याची शेपटी हरवायची आणि तिथून खाली ती चूकच पुढच्या ओळींत उतरत जायची, कारण मूल पाटीवरचे अक्षर न पाहता स्वतःच्या वरच्या ओळीचे अक्षर पाहत होते. चुकीचा सराव मीच घडवून आणत होते आणि तो दुरुस्त करायला त्या घरात वाचता येणारे कोणी नव्हते. ज्या घरी शिकलेली आई आहे त्या घरचे पान सुबक येणार आणि ज्या घरी नाही तिथले मूल दुसऱ्या दिवशी बोलणी खाणार, हे मला सहन होईना.

म्हणून पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ मी बंद केला. पाढे आम्ही परिपाठानंतर गोलात उभे राहून म्हणतो, अगदी आपल्या आईंच्या परवच्यासारखे. ताईंच्या मुलीने पाढा रकान्यांत लिहिला तेव्हा तिच्या तोंडून तो एकदाही गेला नाही, आणि आपल्या आईंनी म्हणवून घेतला तो कानात बसला. दोन्हींना आपण सरावच म्हणतो, म्हणून सरावाच्या नावाखाली मूल नक्की काय करते आहे ते पाहावे लागते. शनिवारी प्रत्येक मूल वर्गातल्या पेटीतले एक गोष्टीचे पुस्तक घरी नेते आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून एक कोडे किंवा जात्यावरची ओवी विचारून आणते. गेल्या पौषात एका मुलीने आजीची ओवी आणली आणि ती फळ्यावर लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी आजी शाळेच्या दारात उभी होती. आपले शब्द लिहिलेले कसे दिसतात, ते तिला पाहायचे होते.

प्रतिसाद ४: मूळ प्रश्न विचारणारी, नाशिक

बाई, तुमचे उत्तर वाचून मी काल वही बाजूला ठेवली आणि चार-चार चिंचोके मांडून मुलीला मोजायला लावले. चार सक चोवीस तिने स्वतः मोजून काढले आणि मग तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण शुद्धलेखनाचे पान राहिले, आणि ‘बाई रागावतील’ म्हणून ती झोपताना रडली. शाळेशी हे नेमके कसे बोलावे?

प्रतिसाद ५: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, बीड जिल्हा

ताई, आधी वर्गशिक्षिकेशी एकटीने बोला, गटावर नको. तिच्या वर्गात कदाचित साठ मुले असतील आणि ‘गृहपाठ का नाही’ म्हणून तिला जाब विचारणारे पालकही असतील. गृहपाठ बंद करा, असे म्हणू नका. आठवडाभर वहीच्या समासात रोज सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा, ती वही तिच्यासमोर ठेवा आणि पाढा लिहिण्याऐवजी तोंडी म्हणवून घेतला व शुद्धलेखनाच्या पानाऐवजी दहा मिनिटे मोठ्याने वाचन घेतले तर चालेल का, असे विचारा. रात्रीचे रडणेही तिला सांगा, ते तिला माहीत नसणार. पहिल्या पाच नावांचा विषय मात्र मुख्याध्यापकांकडे, पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मांडा आणि सरांनी सांगितलेले कलम २९ त्यात लिहा.

प्रतिसाद ६: चौथीतील मुलाचे वडील, पिंपरी

बाईंचा वजाबाकीचा प्रश्न काल मुलाला घातला. त्याने ३६ सांगितले. चौथीत आहे तो. मी रागावलो नाही, कसे केलेस ते विचारले, आणि त्याने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. घरात काड्या नव्हत्या, म्हणून रबर लावून उदबत्त्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले आहेत. लेखी चाचणी नको, हे मला अजूनही पटत नाही. पण गुणपत्रिकेबरोबर शिक्षकाने मुलाजवळ बसून काय पाहिले, ते दोन ओळींत लिहून मिळावे, ही मागणी मीही आमच्या शाळेत करणार आहे.