स्मरणिकेत कविता छापायच्या आहेत, परवानगी कुणाची घ्यावी?

पानजुळणी: वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेत मर्ढेकर, बहिणाबाई आणि कुसुमाग्रज यांची प्रत्येकी एक कविता घ्यायची आहे. शिवाय एका जुन्या संग्रहाचं मुखपृष्ठ. ५०० प्रती, विक्री नाही. खाली ‘साभार’ टाकलं की भागेल ना?

खिळाछाप: ‘साभार’ म्हणजे आभार, परवानगी नव्हे. फुकट वाटण्यालाही सूट नाही. आधी कॉपीराइटची मुदत मोजा: कवी गेला त्या वर्षाच्या अखेरीपासून ६० वर्षं. मर्ढेकर १९५६ साली गेले; हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या, म्हणजे परवानगी नको. कुसुमाग्रज गेले १९९९ साली, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विचारावंच लागेल. बहिणाबाईंचं गणित वेगळं. त्या गेल्या १९५१ साली, संग्रह आला १९५२ साली. मरणोत्तर प्रकाशनाला वर्षं प्रकाशनापासून धरतात, त्यामुळे त्या संग्रहातली कविता २०१३ पासून मोकळी. म्हणजे कवितांसाठी पत्र एकच.

तिसरं प्रूफ: ते पत्र नीट लिहा. ‘आपली एक कविता छापू का’ असं मोघम पत्र पडून राहतं. कवितेचं नाव, पहिली ओळ, संग्रह, आवृत्ती, पान. पूर्ण की अंश. प्रती ५००, विनामूल्य. श्रेयाची ओळ कशी छापणार तेही शब्दशः. पीडीएफ संकेतस्थळावर टाकणार असाल तर आत्ताच लिहा. बहुतेक जण इथेच फसतात: परवानगी छापील अंकाची आणि पीडीएफ फिरते सगळीकडे.
पत्र कुणाला, ते संग्रहाच्या © च्या ओळीत बघा. तिथे वारसांचं नाव असेल तर प्रकाशकाचा होकार पुरत नाही. वारस अनेक असतील तर सगळ्यांचा होकार हवा.

पानजुळणी: प्रकाशकांकडे फोन केला होता. ‘खुशाल छापा’ म्हणाले.

तिसरं प्रूफ: फोनवरचं धरू नका, कायद्याला लेखी लागतं. आजच ईमेल टाका, ‘बोलण्यानुसार’ म्हणून सगळा तपशील द्या आणि उत्तरात होकार मागा. उत्तर आलं नाही तर तो नकारच समजायचा.

खिळाछाप: मुखपृष्ठाचं राहिलं. चित्रकाराचा हक्क कवीपेक्षा वेगळा. तो प्रकाशकाकडे गेलाय का, ते विचारा. चित्रकाराचा पत्ताच लागत नसेल तर परवानगीसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१अ आहे, पण त्यात इंग्रजी दैनिकात जाहिरात आणि मग कोर्टात अर्ज. एका पानासाठी कोण करणार? सरळ गाळा.

पानजुळणी: आणि कुसुमाग्रजांच्या चारच ओळी घेतल्या तर?

खिळाछाप: अमुक ओळी चालतात असा आकडा कायद्यात नाही. कवितेवर समीक्षालेख असेल तर गरजेपुरत्या ओळी कवीच्या नावासह घेता येतात. पान सजवायला नाही.