कचेरीतून मेल वाचता येते, पण पोस्टर जात नाही

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

हॉलमधल्या आपल्या खोलीत नवी फायबर लाइन आल्यापासून मंडळाच्या मेलने छळ मांडलाय. वेबमेल उघडते, लॉगिन होतं, आलेल्या मेल वाचता येतात. "पोचली, धन्यवाद" एवढंच उत्तर लिहिलं तर तेही जातं. पण गणपतीच्या पोस्टरची पीडीएफ जोडली की चाक फिरत बसतं आणि शेवटी संपर्क तुटल्याचा संदेश येतो. काल तर जोडपत्र नसलेली एक मेलही अडकली. तिच्याखाली जुन्या पत्रव्यवहाराची भलीमोठी शेपटी होती, एवढंच. तोच लॅपटॉप घरी नेला की तेच पोस्टर चुटकीसरशी जातं. कचेरीत यूट्यूब झक्कास चालतं, त्यामुळे लाइनवाले म्हणतात, लाइन ठणठणीत आहे.

प्रायोजकांची पत्रं याच आठवड्यात जायला हवीत. कुणाला काही सुचतंय का?

प्रेषक: खजिनदार

ताई, राउटर बंद करून पुन्हा चालू करा, ब्राउझरची कॅश उडवा. शिवाय पासवर्ड फार जुना झालाय, तोही आज बदलून टाकतो. नवा पासवर्ड सगळ्यांना फोनवर कळवतो, इथे लिहीत नाही.

प्रेषक: ढोलपथक

पोस्टर ड्राइव्हवर टाका आणि लिंक पाठवा ना! मी कचेरीतूनच टाकून पाहिलं, लगेच चढलं.

प्रेषक: सचिव

लिंकवरून प्रायोजक पैसे देत नाहीत रे, त्यांना लेटरहेडवरचं पत्र लागतं.

आणि आता आगीतून फुफाट्यात. दुपारपासून लॉगिनचं पानसुद्धा येत नाही. माझ्याकडे नाही, खजिनदारांच्या लॅपटॉपवर नाही, कुणाकडेच नाही. फोनचं हॉटस्पॉट लावलं की मात्र येतं. ग्रंथालयवाले काका, तुम्ही यादीवर आहात ना?

प्रेषक: ग्रंथालय

आहे, आहे. पुस्तकं परत मागण्याव्यतिरिक्त कुणाला माझी आठवण होते, हे वाचून बरं वाटलं.

ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. आजचं आधी घेऊ, ते सोपं आहे. नवा पासवर्ड माणसांना कळला, पण नावनोंदणीच्या टेबलावर जो टॅब्लेट असतो त्याला कोण सांगणार? त्यातही मंडळाचं मेलखातं भरलेलं आहे आणि तो जुन्याच पासवर्डने ठरावीक वेळाने सर्व्हरचं दार वाजवत राहतो. सर्व्हरला वाटतं, कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय. मग तो त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांनाच काही काळ बाहेर ठेवतो. कचेरीतली सगळी यंत्रं राउटरमागून एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर पडतात, त्यामुळे टॅब्लेटच्या पापाची शिक्षा तुम्हा सगळ्यांना.

खात्री करायची तर मंडळाचं संकेतस्थळ कचेरीतून उघडून पाहा. ते त्याच सर्व्हरवर आहे, पण ४४३ पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर. आपली वेबमेल सीपॅनल या होस्टिंग चालवण्याच्या सॉफ्टवेअरची आहे, म्हणून २०९६ वर. संकेतस्थळ उघडलं आणि फक्त वेबमेल अडली, तर राउटरची फायरवॉल २०९६ अडवते आहे का तेही पाहावं लागेल. दोन्ही बंद असतील तर पत्ताच अडवलाय असं धरून चाला. आधी टॅब्लेटवरचं खातं काढा आणि मगच होस्टिंगवाल्यांना पत्ता मोकळा करायला सांगा. क्रम उलटा झाला तर तासाभरात पुन्हा तिथेच याल.

मूळ दुखण्याचा पासवर्डशी संबंध नाही. पासवर्ड चुकीचा असता तर वाचायलाही मिळालं नसतं. लहान मेल जाते, मोठी अडते, आणि तीही फक्त या लाइनवरून. म्हणजे घोडं पाकिटाच्या आकारावर अडलंय (मेल जाळ्यावरून लहान लहान पाकिटांत तुटून जाते). विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) "पिंग" लिहा, पुढे १.१.१.१ हा पत्ता, मग वजा एफ, मग वजा एल आणि १४७२ हा आकडा; म्हणजे तेवढ्या बाइटचं चाचणीचं पाकीट जाईल. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत. मॅक असेल तर वजा कॅपिटल डी आणि वजा एस.) मग १४७२ च्या जागी १४६४ घालून पाहा. दोन्ही वेळा पडद्यावर नेमकं काय उमटतं ते शब्दशः कळवा. "नाही चाललं" एवढ्याने भागणार नाही, कारण न चालण्याचेही दोन प्रकार असतात.

प्रेषक: सचिव

संकेतस्थळही बंदच होतं. टॅब्लेटवरचं खातं काढलं, होस्टिंगवाल्यांनी पत्ता मोकळा केला, लॉगिनचं पान परत आलं. पोस्टर अजून अडतंय.

१४६४ ला चारही उत्तरं आली. १४७२ ला चारही वेळा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". दुसरं काहीच उमटलं नाही.

प्रेषक: ग्रंथालय

"दुसरं काहीच नाही" हेच मला हवं होतं.

१४६४ मध्ये पिंगची आणि आयपीची शीर्षकं (पाकिटावरचा पत्ता वगैरे मजकूर) मिळून २८ बाइट मिळवा, १४९२ होतात. इथरनेटचं (साध्या स्थानिक जाळ्याचं) नेहमीचं माप १५००. आपली नवी लाइन पीपीपीओई (युजरनेम देऊन लाइन जोडायच्या) पद्धतीने जोडली जाते. ही पद्धत १९९९ पासून लेखी प्रमाणात आहे आणि प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी ठेवते. उरतात १४९२. इथवर सगळं रीतसर आहे.

गडबड पुढे आहे. १५०० चं पाकीट आलं आणि "तुकडे करू नका" असा शिक्का त्यावर असला (वजा एफ म्हणजे तोच शिक्का), तर राउटरने ते परत फिरवून "एवढं मोठं चालणार नाही, १४९२ चं पाठव" असं सांगायचं असतं. तसं झालं असतं तर तुम्हाला पाकिटाचे तुकडे करावे लागतील असा इशारा दिसला असता. आपला राउटर गप्प आहे, कारण त्याला स्वतःलाच वाटतंय की १५०० मावतात. कमी उंचीच्या पुलाआधी पाटी नसली की उंच ट्रक जसे एकामागोमाग एक अडकतात, तसं झालंय. राउटर पाकीट पुढे ढकलतो, ते पलीकडे कुठेतरी टाकून दिलं जातं आणि लॅपटॉप तेच पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लहान उत्तर एका छोट्या पाकिटात मावतं म्हणून जातं. पोस्टरची सगळी पाकिटं काठोकाठ भरलेली असतात.

मग वाचता कसं येतं? येणाऱ्या बाजूला पाटी आहे. लाइनवाल्यांच्या यंत्राला १४९२ हे माप ठाऊक आहे आणि ते सर्व्हरला तसं कळवतं. ड्राइव्ह आणि यूट्यूबसाठी क्रोम बहुतेक वेळा क्विक नावाची वेगळी पद्धत वापरतो. ती सुरुवातच साधारण १२०० बाइटच्या पाकिटांनी करते आणि मोठी जातात का ते स्वतः चाचपून पाहते. त्यामुळे तिला हा पूल आडवा येतच नाही. म्हणूनच "यूट्यूब चालतं म्हणजे लाइन ठीक" हा निष्कर्ष मला कधी पटत नाही.

उपाय: राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पानावर एमटीयू (सर्वांत मोठ्या पाकिटाचं माप) या रकान्यात हाताने १५०० भरलेले दिसतील. तिथे १४९२ करा. एमएसएसचा (शीर्षकं वगळून उरणाऱ्या मजकुराच्या मापाचा) वेगळा रकाना असेल तर १४५२. जतन करा, लाइन एकदा तोडून जोडा.

प्रेषक: खजिनदार

पण काका, हा राउटर इतकी वर्षं याच आकड्यावर बिनतक्रार चालत होता की!

प्रेषक: ग्रंथालय

तेव्हा तो हॉलच्या सामायिक राउटरमागे बसलेला होता. पीपीपीओईचं ओझं तो पुढचा राउटर वाहायचा, मापही तोच जुळवायचा. आपल्यापुरतं ते साधं इथरनेट होतं आणि १५०० अगदी बरोबर होते. इथलं, म्हणजे ब्रिटनमधलं, जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ अखेर बंद व्हायचं आहे, म्हणून हॉलवाल्यांनी सगळ्या लाइनी बदलल्या आणि आपल्याला स्वतंत्र जोडणी दिली. राउटरमध्ये नव्या लाइनचं युजरनेम भरलं गेलं, माप तसंच राहिलं.

प्रेषक: सचिव

१५०० च होते! १४९२ केले, पोस्टर गेलं, लांब शेपटीची मेलही गेली. प्रायोजकांची पत्रं आत्ता पाठवतेय. काका, गणपतीत पहिला मोदक तुमचा.

प्रेषक: ढोलपथक

भारी! मग आता सरावाचा व्हिडिओ कचेरीतून सगळ्या सभासदांना मेलने टाकू का? फक्त २० एमबीचा आहे.

प्रेषक: ग्रंथालय

नको रे बाबा. जोडपत्र मेलमध्ये जाताना अक्षरांच्या रूपात बदलतं आणि साधारण एकतृतीयांशाने फुगतं. तुझे २० एमबी वाटेत २७ च्या आसपास होतील आणि बऱ्याच सभासदांचे सर्व्हर २५ च्या वर काही आत घेत नाहीत. व्हिडिओ ड्राइव्हवर ठेव, लिंक दे. आणि ढोलाच्या इतिहासावरचं ते पुस्तक तुझ्याच नावावर आहे, येताना घेऊन ये.