मदत हवी आहे : गोठवलेलं वीर्य एकाच खेपेपुरतं उरलंय, रेतनाचा दिवस कसा ठरवू?

नमस्कार. आमचा कुत्रा शेरू दोन वर्षांपूर्वी गेला. आजाराचं निदान झालं त्याच आठवड्यात त्याचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून त्याची स्ट्रॉ बाहेर काढताना मी पाहिलीय : पेनाच्या रिफिलीएवढी बारीक, पांढऱ्या वाफेत गुरफटलेली, वर त्याचं नाव. आता एकाच रेतनाला पुरेल एवढंच शिल्लक आहे.

आमच्या कुत्रीला, राणीला, मागच्या दोन माजांत याच वीर्याने कृत्रिम रेतन केलं. दोन्ही वेळा रक्त दिसल्यापासून दिवस मोजून १२व्या दिवशी, आणि दोन्ही वेळा महिन्याने सोनोग्राफीत काहीच नाही. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटण्याच्या सुमारास वाढणारं संप्रेरक) तपासायला हवं होतं हे डॉक्टरांनी सांगितलंच नाही, याचा अजून राग येतो.

आता वाचून जे कळलं ते असं. कुत्रीचं स्त्रीबीज अंडाशयातून सुटतं तेव्हा कच्चंच असतं, बीजनलिकेत पिकायला त्याला आणखी २-३ दिवस लागतात. ताजं वीर्य आत ५-६ दिवस तग धरतं, त्यामुळे दिवस इकडेतिकडे झाला तरी निभावतं. गोठवलेलं मात्र वितळल्यावर जेमतेम दिवसभर. त्यात बीज सुटण्याचा दिवस प्रत्येकीचा वेगळा, एखादीत १०व्या दिवसाच्या आत तर एखादीत २० नंतर. म्हणजे आमचा १२वा दिवस निव्वळ अंदाज होता. (या कच्च्या बीजामुळेच कुत्र्यांची पहिली टेस्ट ट्यूब पिल्लं व्हायला २०१५ उजाडलं, कॉर्नेल विद्यापीठात. तो मार्ग मी धरून चाललेलो नाही.)

प्रोजेस्टेरॉन ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की बीज सुटलं असं धरतात आणि तिथून २-३ दिवसांनी रेतन करतात, इथवर समजलं. पण रक्ततपासणी कितव्या दिवसापासून सुरू करायची, रोज की दिवसाआड? दर वेळी एकाच प्रयोगशाळेतून केली नाही तर आकडे जुळतात का?

दुसरं, वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं तर दुर्बिणीने गर्भाशयमुखातून, की पोट उघडून? तिला कापायला माझं मन अजिबात तयार नाही. दुर्बिणीने केलेल्यांचा अनुभव कृपया सांगा.

काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) पिल्लं २० वर्षं गोठवलेल्या वीर्यापासून झालीत, तेव्हा शेरूचं वीर्य थांबू शकेल. राणी थांबू शकत नाही, ती ६ वर्षांची आहे. पुढचा माज दोन महिन्यांवर आलाय. तोच धरू ना?